अंगणातला थिरथिरा आणि नांदूरचं पाणी: वर्षभर पक्षी कसे बघायचे

नवरात्र जवळ आलं की मी सकाळचा चहा घेऊन मागच्या अंगणात जरा जास्तच वेळ बसते, कारण कुठल्याही दिवशी काळा थिरथिरा येऊ शकतो. चिमणीएवढा पक्षी, नर वरून काळपट आणि पोटाला विटकरी, मादी मातकट तपकिरी, आणि दोघांचीही शेपटी सारखी थरथरत असते, नावच त्यावरून पडलंय. उन्हाळा तो हिमालयात आणि हिमालयापलीकडे काढतो आणि थंडीला आमच्या नाशिकच्या रो-हाऊसच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसतो. गेल्या सात वर्षांच्या माझ्या वहीत त्याच्या येण्याच्या तारखा आहेत, सगळ्यात लवकर २९ सप्टेंबर, सगळ्यात उशिरा १६ ऑक्टोबर. भिंत तीच, वेळ साधारण तीच, सातच्या आसपास.

पक्षी बघायला कुठे जाऊ, कॅमेरा कुठला घेऊ असं बरेच जण विचारतात, आणि मी प्रत्येकाला आधी हेच सांगते की एक जागा धरा आणि ती वर्षभर सोडू नका. अंगण असेल तर अंगण, नाहीतर गॅलरी, नाहीतर सोसायटीतला कोपऱ्यातला बाक. आणि जवळ एखादं तळं, धरणाचं पाणी, नदीचा काठ असेल तर महिन्यातून दोनदा तिथे. रोज नवीन ठिकाणी गेलात तर पक्षी दिसतील भरपूर, पण ऋतू नाही दिसणार. काल नव्हता तो आज आला, हे कळायला काल तिथे असावं लागतं ना.

सुरुवातीला लागतं काय, तर एक वही आणि पेन. दुर्बीण नंतर. पहिले दोन महिने फक्त अंगणातले पंधरा-वीस पक्षी डोळे मिटून आठवतील इतके नीट बघा. चिमणी, साळुंकी, कावळा, बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, भारद्वाज, तांबट, होला, पोपट, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, कोकिळा, घार, एवढे नाशिक-पुण्याच्या कुठल्याही वस्तीत मिळतातच. ह्यातले तीन पक्षी तुमची मोजपट्टी आहेत, चिमणी, साळुंकी आणि कावळा. नवीन काही दिसलं की आधी रंग बघू नका, आधी मनात म्हणा, चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान. मग चोच कशी, सुईसारखी, जाड आखूड, की आकडीसारखी. मग शेपटी, वर करतो का, हलवतो का, पंख्यासारखी उघडतो का. मग करतोय काय, जमिनीवर चालतोय की उड्या मारतोय, तारेवरून झेप घेऊन परत तिथेच बसतोय का. रंग सगळ्यात शेवटी, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात आणि ढगाळ दिवसात रंग फसवतो, सवय फसवत नाही.

आणि मराठी नावं शिका, मनापासून सांगते. इंग्रजी नावं पुस्तकात आणि ॲपवर मिळतातच, तीही यायला हवीत, पण मराठी नावं ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी बघून ठेवलीत आणि नावातच ओळख आहे. तांबट म्हणजे उन्हाळ्यात भर दुपारी टुक टुक टुक असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा एका लयीत आवाज काढणारा, झाडात हिरवा होऊन बसतो म्हणून दिसत नाही पण आवाज आला की समजायचं. थापट्या बदकाची चोच गवंड्याच्या थापीसारखी पुढे रुंद. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, एकदा बघितलं की जन्मात विसरणार नाही. वारकरी म्हणजे सगळा काळा आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि राहतात कसे तर दिंडीसारखे थव्याने. शेकाट्याचे पाय लालसर, लांब, काटक्यांसारखे. शिंपी खरंच दोन पानं शिवतो, कापसाचे नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचे धागे घेऊन पानाला भोकं पाडून. आमच्या शेजारच्या आजी निफाडकडच्या, त्यांना पुस्तकातलं काही माहीत नाही पण टिटवी, ढोकरी, पाणकावळा, टिबुकली हे त्या पाण्यावरच्या नुसत्या हालचालीवरून सांगतात, मी निम्मं त्यांच्याकडून शिकले.

आता अंगणाचं. सगळ्यात जास्त फरक पडतो तो पाण्याने, दाण्याने नाही. मातीची पसरट थाळी घ्या, कुंडीखाली ठेवतात ती चालते, दोन बोटं पाणी आणि मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे शिंजिरासारख्या बारक्या पक्ष्यालाही उभं राहता येतं. प्लास्टिकचं गुळगुळीत भांडं नको, पाय घसरतात, आणि स्टीलचं तर उन्हात तापतं. थाळी सावलीत ठेवा, झुडुपाच्या जवळ पण अगदी खाली नाही, चार-पाच फूट अंतर राहू द्या, कारण झुडुपात मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदलायचं आणि थाळी रोज नारळाच्या शेंडीने घासायची, नुसतं वरून पाणी ओतून चालत नाही, डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि आठवडाभरात त्यांचे डास होतात. आमच्याकडे थाळी ठेवल्यावर पहिले दहा दिवस कोणी आलं नाही, अकराव्या दिवशी एक साळुंकी आली आणि तिने सगळं पाणी उडवून आंघोळ केली, मग रांगच लागली. दुपारी साडेबारा ते दोन ही आंघोळीची वेळ, संध्याकाळी साडेपाचला परत.

दाणा टाकायचा तर थोडी बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी, बास. फरसाण, शेव, खारे शेंगदाणे, ब्रेड, बिस्कीट नको. आणि ढीग ओतू नका, ढीग ओतला की कबुतरं येतात आणि कबुतरं आली की बाकीचे जातात, शिवाय त्यांच्या विष्ठेच्या धुळीने माणसाच्या फुफ्फुसाला त्रास होतो तो वेगळाच. त्यापेक्षा झाडं लावा. जागा एकाच झाडाची असेल तर माझं मत शेवग्याला. थंडी संपता संपता फुलतो तेव्हा शिंजीर दिवसभर त्याच्यावरच असतात आणि शेंगा तुम्हाला. कढीपत्ता छाटत राहतो आपण, पण एक फांदी मोकळी सोडा, तिला काळी फळं धरू द्या, बुलबुल आणि कोकिळा ती आवडीने खातात. जास्वंद, तुती, पपईचं वरचं एखादं फळ न काढता ठेवलेलं, हे सगळं कामाचं. आणि औषध मारू नका हो, अळ्या मेल्या की शिंपी आणि दयाळ पिल्लांना काय भरवणार, दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस किडेच भरवतात.

चिमणीसाठी लाकडी खोकं लावणार असाल तर भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा, चिमणी आत जाते आणि साळुंकीला जाता येत नाही. आठ-दहा फूट उंचीवर, पश्चिमेचं ऊन थेट लागणार नाही अशा भिंतीला.

घरट्याबद्दल एक सांगायचंच आहे. दुसऱ्या वर्षी आमच्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं, तीन अंडी, गुलाबी-पांढऱ्यावर तांबूस ठिपके. आम्ही इतके खूश झालो की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटलो, आणि फोटो नीट यावा म्हणून मी वेलाची एक फांदी दोऱ्याने बाजूला बांधली. पिल्लं तीन दिवसांची होती तेव्हा सकाळी कावळा आला आणि पाच मिनिटांत घरटं रिकामं. त्या फांदीनेच ते झाकलेलं होतं. बुलबुलाची जोडी दोन दिवस चोचीत किडे घेऊन तिथे येत होती, ते आठवलं की आजही पोटात कालवतं. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, घरटं दिसलं की पंधरा फुटांच्या आत जायचं नाही, पान हलवायचं नाही, फोटो टाकायचा नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही. तुम्हीही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

बरं, ऑक्टोबर. थिरथिरा आला की मागोमाग धोबी येतात, पांढरा, करडा, पिवळा, शेपटी वरखाली करत गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात चालताना दिसतात. ह्याच दिवसांत शिंजिराचा नर बघा, पावसाळा संपल्यावर तो जांभळा-काळा झगा उतरवून मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. नवीन माणूस इथे हमखास वेगळा पक्षी म्हणून लिहितो. आणि ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा, २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होतो. ठिकठिकाणी फेऱ्या निघतात, जाणत्या माणसाबरोबर एक सकाळ फिरून या, एकट्याने महिनाभर धडपडून जे कळत नाही ते त्या दोन तासांत कळतं.

आता दुर्बीण घ्यायची वेळ झाली, कारण पाण्यावरचे पक्षी लांब असतात. ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० किंवा २० पटीची गळ्यात मारायला बघेल, पण पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते आणि दिसणारा भाग लहान होतो, मग पक्षी सापडतच नाही. घेतल्यावर आधी डोळ्यांना लावून घ्यायची. उजवा डोळा झाका, लांबच्या एखाद्या पाटीवर मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा झाका आणि उजव्या बाजूच्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा, झालं, ते कडं परत हलवायचं नाही, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबा. आणि पक्षी शोधायचा कसा, तर नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याकडे बघत राहायचं, नजर अजिबात न हलवता दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरायची. बहुतेक जण पक्षी बघतात, मग खाली दुर्बिणीकडे बघतात, मग वर, तोवर तो गेला. अंगणात साळुंकीवर आठ दिवस सराव करा, हात बसतो.

आमचं तळं म्हणजे नांदूर मध्यमेश्वर, नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात, खाली इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, वर्षानुवर्षं गाळ साचून पाण्यात बेटं आणि उथळ दलदल तयार झाली आणि पक्ष्यांना दुसरं काय हवं. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, राज्यातलं पहिलं. तुमच्या जवळ दुसरं काही असेल, उजनीचा भिगवणचा काठ, जायकवाडी, गावातला पाझर तलाव, पद्धत सगळीकडे हीच.

पहाटे निघा. निफाडची थंडी ठाऊक आहेच, राज्यातला सगळ्यात कमी पारा बऱ्याचदा तिथलाच असतो, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमध्ये चहा. कपडे मातकट, हिरवे, राखाडी, पांढरा शर्ट आणि लाल जॅकेट नको. सूर्योदयाला काठावर असायचं आणि ऊन आपल्या पाठीवर येईल अशी बाजू धरायची, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघायचं, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतात. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, गावातली पोरं गाईड म्हणून येतात, पैसे द्या आणि आनंदाने द्या, त्यांना कुठल्या गवतात आज काय बसलंय ते ठाऊक असतं आणि ह्या पाण्यावर त्यांचं घर चाललं तरच हे पाणी राहील.

पोचल्यावर लगेच फिरायला सुरुवात करू नका. बसा. वीस मिनिटं बोलायचं नाही. तुम्ही आलात तेव्हा जे गवतात शिरले ते हळूहळू बाहेर येतात, आधी जांभळी पाणकोंबडी, लाल चोच आणि लाल टिळा, शेपटी झटकत देठ सोलून खाणारी, मग टिबुकली बुडी मारून दुसरीकडेच वर येणारी, मग कमळपक्षी. कमळपक्षी नीट बघा, पायाची बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि तो पानांवरून चालतो, पान जेमतेम ओलं होतं. गेल्या डिसेंबरात एक आमच्यापासून वीस पावलांवर होता, शिंगाड्याच्या वेलावर. प्रत्येक पाऊल टाकताना आधी बोटं मिटून घ्यायचा, पाय उंच उचलायचा, मग पानावर हळू उघडायचा, जसं आपण ओल्या फरशीवर चालतो तसं, आणि चोचीने पान उलटं करून खालच्या गोगलगाई टिपायचा. अर्धा तास तेच बघत बसलो, त्या दिवशी यादी लहान झाली आणि मला तो दिवस सगळ्यात जास्त आठवतो.

बदकांचं एक लक्षात ठेवा. ती मध्य आशिया आणि सायबेरियाकडून येतात, तिकडची पाणी गोठतात म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरला नुकती आलेली असतात तेव्हा नरसुद्धा मादीसारखेच तपकिरी असतात, विणीनंतर पिसं गळलेली असतात, त्यामुळे तेव्हा ओळख पटवणं फार कठीण, नवीन माणूस तिथेच निराश होतो. डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हा थापट्याचं डोकं हिरवंगार, छाती पांढरी, बाजू विटकरी. तलवार बदकाची मान लांब, चॉकलेटी डोक्यापासून खाली उतरणारी पांढरी रेघ आणि टोकदार शेपटी. चक्रवाक तर नारिंगी-सोनेरी, बहुतेक जोडीनेच, आवाज लांबून येतो. त्यांच्यामध्ये चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पांढरे मोठे पक्षी, पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवत चालणारे. आणि सगळं पाणी एकदम उठलं, हजार पंखांचा आवाज झाला की वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो, गवतावरून खालून खालून तरंगत, आणि वारकरी सगळे एका जागी गोळा होतात.

मोजायचं कसं ते सांगते, कारण थवा दिसला की सगळे ‘खूप’ असं लिहितात आणि त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. एका टोकाला दहा पक्षी मोजा, ते दहा किती जागा घेतात ते डोळ्यांत धरा, मग तेवढ्या जागेचे किती तुकडे थव्यात बसतात ते मोजा. वीस तुकडे, दोनशे. चूक होईल, होऊ द्या, दरवेळी त्याच पद्धतीने मोजलं की मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी हे कळतं. ही यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे, आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात त्यात आपलं अंगणही येऊ द्या, पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. आवाज ओळखायला मर्लिन नावाचं ॲप आहे, चांगलं आहे, फक्त ॲपने सांगितलं म्हणून लिहायचं नाही, पक्षी डोळ्यांनी बघितला की लिहायचं. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं तर अजिबात नाही, तो समजतो दुसरा नर आलाय, खाणं सोडून भांडायला येतो, विणीच्या दिवसांत तर घरटं उघडं टाकून येतो.

मध्येच संक्रांत येते. आमच्या जिल्ह्यात पतंगाचं केवढं वेड, येवल्याची संक्रांत तर बघण्यासारखी, पण नायलॉन मांजा झाडावर महिनोन्‌महिने राहतो आणि घार, बगळे, वटवाघळं, घुबडं त्यात अडकतात. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमची गल्ली बांबूला आकडी लावून झाडांवरचा मांजा काढते, मागच्या वेळी एक पोतं निघालं, तुम्हीही हे करा. जखमी पक्षी मिळाला तर त्याच्या अंगावर सुती कापड टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं, आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

फाल्गुन लागला की पाणथळ रिकामी व्हायला लागते आणि अंगण भरायला. जाण्याआधी पाहुणे सगळ्यात सुंदर असतात हे लक्षात घेऊन मार्चमध्ये एक चक्कर तळ्यावर माराच, पिवळा धोबी तेव्हा खरा पिवळा असतो. इकडे पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, पानं नाहीत, नुसती फुलं, त्यामुळे पक्षी लपूच शकत नाहीत, नवीन माणसाने शिकायला ह्यापेक्षा सोपा महिना नाही. एका काटेसावरीखाली सकाळी तासभर बसा, कोतवाल, भोरड्या, साळुंक्या, शिंजीर, पोपट, चष्मेवाला, सगळे येऊन जातील. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना, थवेच्या थवे. दयाळ ह्याच दिवसांत पहाटे गायला लागतो, आणि गाडीच्या आरशात स्वतःला बघून चोची मारत बसतो, आरशावर जुना मोजा चढवून ठेवा म्हणजे त्याचा जीव शांत. कोकीळ ओरडायला लागतो, कुहू कुहू करणारा काळा तो नर, मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, तिला बरेच जण दुसराच पक्षी समजतात.

वैशाखात तळ्यावर जाऊन काय बघणार असं वाटतं, मी मात्र मेमध्ये एकदा जातेच. पाणी आटून काठ उघडे पडतात आणि तिथे टिटवीची अंडी असतात, चार, नुसत्या खड्यांमध्ये, घरटं असं नाहीच. पाय जपून टाका. ऊन फार झालं की टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गारवा द्यायला. ती डोक्यावर येऊन टिटीव टिटीव ओरडायला लागली की समजा अंडी जवळ आहेत, आल्या पावली मागे फिरा. आमच्याकडचे शेतकरी टिटवीने अंडी उंचावर घातली की सखलात ह्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. ते खरं ठरतं का ते मी वहीत लिहून ठेवतेय, अजून चार-पाच वर्षं लिहिल्याशिवाय बोलणार नाही.

मग एखाद्या पहाटे, मे सरता सरता, पावश्या ओरडतो. पेरते व्हा, पेरते व्हा. आवाज चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. ढग असतील तर रात्रीही ऐकू येतो. त्याच्या मागे चातक, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. ही दोघंही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात, तेव्हा जून-जुलैमध्ये सातभाईंच्या टोळीकडे लक्ष ठेवा, एखादं वेगळंच मोठं पिल्लू तोंड वासून त्यांच्या मागे फिरताना दिसेल. तसंच कावळ्याच्या मागे कोकिळेचं पिल्लू, आमच्या समोरच्या आंब्यावर दरवर्षी दिसतं. पावसात दुर्बीण भिजते, भिंगाला वाफ धरते, म्हणून मी हे दोन महिने खिडकीतूनच बघते. पण उघडीप मिळाली की शिवारातल्या विहिरीवर नक्की जा, बाभळीच्या पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांना सुगरणीचे खोपे असतात. नाव सुगरण पण विणतो नर, डोकं आणि छाती पिवळीधमक झालेली, गवताची पाती चिरून आणतो, अर्धा खोपा झाला की लटकून पंख फडफडवतो, मादी येऊन आतून बघते, पसंत पडला तर पुढचा विणायचा, नाही तर सोडून दुसरा सुरू. एका बाभळीवर अर्धवट सोडलेले खोपे मोजा, किती नापसंत झाले ते कळेल. गायबगळे तेव्हा डोक्या-मानेला केशरी झालेले असतात, आणि नांदूरला कमळपक्ष्याला लांब बाकदार शेपटी आलेली असते, अंडी नर उबवतो, मादी दुसऱ्या नराकडे निघून गेलेली असते.

श्रावण-भाद्रपदात पिल्लं खाली पडलेली सापडतात आणि लोक घाबरून उचलून घरी आणतात. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळच असतात, फक्त मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देतात हे खरं नाही.

आज २६ सप्टेंबर. सकाळी भोरड्यांचा एक थवा गेला वरून, शंभराच्या आसपास, उत्तरेकडून. थाळी घासून ठेवलीय, कढीपत्त्याला फळं आहेत, भिंत रिकामी आहे. वहीत नवीन पान काढून वर नुसतं ‘थिरथिरा’ लिहून ठेवलंय, तारखेची जागा मोकळी. तुमच्या भिंतीवर आधी आला तर वेळेसकट लिहून ठेवा, आणि नर की मादी तेही.